ओल्या फडक्यातली बरणी

कॅन्सरच्या दवाखान्यात किरणांचं माप तपासणारा माणूस म्हणजे मी. किरण कुठे आणि किती द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. ते तिथेच आणि तितकेच पडतात का, ते मी बघतो. त्या मे महिन्यात जळगावला आम्ही बारीक किरणांची नवी पद्धत सुरू करणार होतो. पहिल्या पेशंट चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या अक्का. गाठ डोळ्यामागे, नजरेच्या नसेला खेटून. सोमवारी पहिली बैठक. माप केसभर चुकलं तरी अक्कांची नजर जायची.

तपासणीसाठी मी काचेच्या बरणीत जेल केलं होतं. शिजवून गार केलं की ते खरवसासारखं बसतं. किरण लागतात तिथे ते आतल्या आत बदलतं, आणि एमआरआयमध्ये ठेवलं की कुठे किती लागले ते ठिपक्याठिपक्यानं वाचता येतं. शुक्रवारी बरणीलाच अक्कांचं डोकं समजून किरण दिले. आमच्याकडे एमआरआयला पेशंटांची रांग, म्हणून धुळ्याच्या एका सेंटरची रविवारची वेळ मिळवली.

गाडीचा एसी बंद होता. जेल वितळलं तर सगळं मुसळ केरात. मग मी अस्सल खानदेशी डोकं चालवलं. बरणीला ओलं फडकं गुंडाळलं, काच खाली केली आणि बरणी खिडकीशी बसवली. एरंडोलला फडकं भिजवलं, पारोळ्याला पुन्हा भिजवलं. स्वतःवर इतका खूश होतो की वाटेत दोनदा चहा घेतला. ताडून बघायला ठरावीक मापाचे किरण दिलेल्या त्याच जेलच्या नळ्या मात्र डब्यात, कोरड्याच.

धुळ्याला चित्र आलं. बरणीच्या एका बाजूला, अगदी नसेच्या जागी, किरण जास्त दिसत होते. मी जागच्या जागी डॉक्टरांना फोन लावला. पुन्हा मोजून बघा, असं ते म्हणत होते. मी म्हटलं, चित्र समोर आहे, उद्याचं थांबवा. त्यांनी थांबवलं. जळगावात नातेवाइकांकडे उतरलेल्या अक्कांना निरोप गेला, मशीनमध्ये दोष आहे, घरी जा.

मग माझ्या येरझाऱ्या सुरू झाल्या. मशीन कुठे चुकलं? आधीच्या पेशंटांचं काय? व्हरांड्यात मी इतका फिरलो की झाडणाऱ्या बाई म्हणाल्या, भाऊ, एका जागी बसा, मला फरशी पुसू द्या.

तेवढ्यात तिथला टेक्निशियन बरणी उचलून बाहेर आला. "साहेब, ही एका अंगाला माठासारखी गार लागते. असंच लागतं का?"

मी हात लावला. खिडकीकडचं अंग. गार जेल एमआरआयमध्ये जास्त किरण लागल्यासारखं दिसतं, म्हणून बरणी आणि नळ्या रात्रभर एमआरआयच्याच खोलीत ठेवायच्या असतात. हा नियम आमच्या भिंतीवर चिकटवलाय, माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा ओढून.

बरणी तिथे ठेवली आणि सकाळी पुन्हा बघितली. चित्र स्वच्छ. मशीन ठीक, बिघाड माझ्यात. डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता अक्कांना तुम्हीच सांगा."

अक्का एसटीनं कधीच गावी पोचल्या होत्या आणि त्यांच्या पुतण्याचा फोन लागत नव्हता. सोमवारचा दिवस मी फोन हातात धरून काढला. जेवताना धरला, न्हाव्याकडे धरला. न्हाव्यानं अर्धी दाढी झाल्यावर तो काढून घेतला. संध्याकाळी पुतण्या सापडला.

मंगळवारी अक्का आल्या. डॉक्टरांनी सुचवलं होतं की तपासणी लांबली इतकंच सांगा. पण त्या समोर बसल्या आणि मी फडक्यापासून सगळं सांगून टाकलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"ते ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मना डोया राहतीन ना?"

राहतील म्हणायला जीभ वळवळत होती. पण मी म्हटलं, "अक्का, किरण जिथे पडायचे तिथेच पडतात, हे मी बघितलंय. त्यापुढचं मला सांगता येत नाही."

"इतलं सांगाले तुले दोन दिन लागनात?" असं म्हणून त्या उठल्या, चपला काढल्या आणि आत मशीनच्या टेबलावर जाऊन आडव्या झाल्या. डोकं हलू नये म्हणून लावतात तो मास्क बसवेपर्यंत त्यांनी डोळे मिटले नाहीत. मी बाहेर येऊन दार लावलं.