नरसव्वाची वाटी

पोटाला तडस लागलीय. श्रीखंडाच्या तीन वाट्या झाल्या आणि पुऱ्या किती, ते मोजलं नाही. वर पंखा फिरतोय आणि छातीवर भाषणाचे कागद आहेत. साडेपाचला भाषण आहे, 'मंदीत कोणते शेअर घ्यावेत?' सगळीकडे मंदी येणार, मंदी येणार अशी हाकाटी चाललीय आणि अशा दिवसांत माझी चलती असते. साबण, बिस्किटं, चहा करणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्या, किराण्याच्या मोठ्या दुकानांचे घ्या, असं मी सांगतो. नोकरी गेली तरी माणूस चहा पितोच. मग वाटीची गोष्ट. तिच्यापुढे मी कंसात लिहून ठेवलंय : इथे थांबणे, हशा. संयोजक माईणकरांनी सकाळीच बजावलंय, "ती वाटीची गोष्ट घ्याच सर, लोक फार हसतात."

डोळे मिटतात. कागदाची कड हनुवटीला टोचत राहते.

मी मॉलमध्ये ट्रॉली ढकलतोय. दोन्ही बाजूंना बिस्किटांचे पुडे. एक उचलून दाबतो तर आत नुसती हवा. किंमत तीच ठेवायची आणि आतला माल कमी करायचा, ही कंपन्यांची हुशारीही मी भाषणात कौतुकानं सांगत असतो. ट्रॉलीचं चाक कशाला तरी अडतं. खाली बघतो तर आमच्या दुकानाचा उंबरठा. सोलापुरातली साखर पेठ. गादीवर आप्पा बसलेत, माझे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. जाताना पार हडकले होते, आता अंगानं भरलेत. कपाळावर विभूती ताजी आहे.

"आलास? बस की."

"आप्पा, मला भाषण आहे."

"कशावर?"

"तुमच्या दुकानावर."

हे खोटं नाही. कापडगिरणी बंद पडली त्या वर्षी मी नुकताच बी.कॉम. होऊन आप्पांशेजारी दुकानात बसत होतो. कुठल्या घरात काय चाललंय, ते आप्पा बाईच्या पिशवीवरून सांगत. आधी टूथपेस्ट सुटते, मग अंगाचा साबण. चहाची एक रुपयाची पुडी मात्र शेवटपर्यंत जाते, आणि तेल. नरसव्वाचा नवरा गिरणीत जॉबर होता, कामगारांवरचा मुकादम. ती आधी तेलाला बाटली आणायची. मग तांब्या आणू लागली, मग वाटी, आणि ती वाटीही दर महिन्याला लहान होत गेली. काय सुटतं आणि काय सुटत नाही हे मी तिथं शिकलो आणि त्यावर बंगला बांधला. भाषणात मी म्हणतो, "मला वाटायचं, पुढल्या महिन्यात ही बाई चमचाच घेऊन येणार!" लोक हसतात. मीही हसतो.

आप्पांच्या मागच्या फळीवर डबे नाहीत. तिथं शेअरचे आकडे पळतायत, हिरवे, लाल. पेठेच्या रस्त्यावर सभागृहाच्या खुर्च्या मांडल्यात आणि लोक येऊन बसलेत. दुकानापुढे नरसव्वा उभी आहे. हात पदराखाली.

"सांग की आता," आप्पा म्हणतात. "तिच्यासमोर सांग."

स्वतःची किळस येते, आणि किळस आली की मला राग येतो. तो मी आप्पांवर काढतो.

"तुम्ही कुठले मोठे साधू लागून गेलात? तुमच्या तेलाच्या मापाला खालून पोचा होता. मी रोज बघत होतो."

"होता. मीच पाडला होता, हातोडीनं."

"आणि हिला?"

"हिलाबी त्याच मापानं."

ते इतक्या सरळपणे सांगतात की मला त्यांची शिसारी येते. त्या विभूतीची, त्या गादीची, त्या दुकानाच्या अन्नावर वाढलेल्या माझ्या अंगाची.

"मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय, आप्पा?"

आप्पा कान खाजवतात. अडचणीचा प्रश्न आला की त्यांची ही जुनी सवय.

"काय की बे," ते म्हणतात. "त्या वर्षी मला जेवण जात नव्हतं, एवढंच."

मला आठवतं. दोन घास खाऊन ते ताट सारायचे. आई म्हणायची, पित्त झालंय, आणि धने-जिऱ्याचं पाणी करून द्यायची. मलाही ते पित्तच वाटायचं.

नरसव्वा पदराखालून वाटी काढते आणि माझ्या भाषणाच्या कागदांवर ठेवते. आप्पा माप बुडवून तेल ओततात. वाटी लगेच भरते, तेल काठावरून ओघळतं. ती माझ्याकडे बघते. तिच्या बघण्यात राग नाही, आणि तेच मला सोसत नाही.

"जेवलास काय रं, मल्लू?"

हो म्हणायला मी तोंड उघडतो आणि दुपारचं श्रीखंड घशाशी येतं.

उठून बसतो. चार वाजलेत. तोंड आंबट झालंय. कागद मांडीवर पडलेत आणि वरच्या कागदावर तेलाचं एक वर्तुळ आहे. 'इथे थांबणे, हशा' हे शब्द बरोबर त्याच्या आत आलेत.

बायको, शैलजा, चहा घेऊन येते. मी कागद दाखवतो.

"पुऱ्या खाताना लागलं असेल. वाटी ठेवली असेल तुम्ही त्याच्यावर," ती म्हणते.

फोन वाजतो. माईणकर. "सर, गाडी निघालीय. वाटीची गोष्ट विसरू नका हं."

"ती मी सांगणार नाही."

"अहो, मग काय सांगणार?"

"माहीत नाही," मी म्हणतो, आणि ते खरंच माहीत नाही.

चहा तसाच ठेवून मी स्वयंपाकघरात जातो. मांडणीवरच्या वाट्या काढतो आणि एकेक करून त्या वर्तुळावर ठेवून बघतो. श्रीखंडाची, आमटीची, कोशिंबिरीची. शेवटी चटणीची, घरातली सगळ्यात लहान. तीसुद्धा त्या वर्तुळात मावत नाही.