वॉल्व्हमनच्या घरचं वाय-फाय

राउटरच्या पानावर एक्केचाळीस उपकरणं दिसत होती आणि घरात माणसं होती तीन. त्यातलं एक अंथरुणावर.

"सोनल, घरात फोन किती?"

"दोन. माझा आणि बाबांचा. आणि हा लॅपटॉप."

"टीव्ही?"

"साधा आहे, मॅडम. केबलचा."

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. कोणकोण जोडलेलं आहे त्याची यादी राउटर ठेवतो. यादीत 'पिंट्या बॉस' होता. 'मंडळाचा स्पीकर' होता. दोन मोठे टीव्ही होते आणि एक कॅमेरा होता. सोनल वाचत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"हा कॅमेरा कोपऱ्यावरच्या किराणावाल्या मामांचा," ती म्हणाली. मग दाराकडे वळून ओरडली, "बाबा!"

बाबा म्हणजे दिनकर कांबळे. पाणीपुरवठ्यात वॉल्व्हमन होते. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, ते हातात चावी घेऊन सोडणारा माणूस. आता रिटायर. बाहेर कट्ट्यावर बसले होते, ते आत आले.

"काका, तुमचं वाय-फाय कोणकोण वापरतं?"

"ज्याला लागतंय त्यो," काका म्हणाले. "का? काय झालं?"

काय झालं ते सांगते. मी वीस वर्षं नेटवर्कचं काम करते. आधी एका कंपनीत होते, आता घरं आणि छोटी ऑफिसं बघते. सोनल पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची. कंपनीचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर शिकवायचं, हे तिचं काम. अजून प्रोबेशनवर होती. महिन्याभरात तिचे चार कॉल मध्येच तुटले होते. तिच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारचा डेमो शेवटचा. परत तुटला तर पुण्यात येऊन ऑफिसात बस, नाही जमलं तर राजीनामा दे.

आणि तिला पुण्याला जाता येणार नव्हतं. आईला पॅरालिसिस झाला होता. त्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची. घरात दोनच होती.

मी गेले तो शनिवार होता.

नेट कंपनीची माणसं तीनदा येऊन गेली होती. एकदा वायर बदलली, एकदा डबा बदलला, तिसऱ्यांदा तिच्या गळ्यात मोठा प्लॅन मारला. दर वेळी एकच उत्तर, "लाइन ओके आहे मॅडम." यातली वैतागाची गोष्ट अशी, की लाइन खरंच ओके होती.

मी सकाळी आठला पहिल्यांदा पिंग करून बघितलं होतं. पिंग म्हणजे हाक मारून बघणं. लॅपटॉप हाक मारतो, पलीकडून ओ येते, आणि ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचं. आठ वाजता ओ येत होती वीस मिलिसेकंदात, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत. दहाला गल्ली जागी झाली आणि तोच आकडा गेला नऊशेवर. काही हाकांना तर ओच येईना. व्हिडिओ कॉल एवढा वेळ कुणासाठी थांबत नाही, सरळ तुटतो.

लोक डाउनलोडचा आकडा बघतात. कॉलमध्ये आपला आवाज आणि चेहरा वर जातो, तो अपलोड. तो रस्ता मुळात अरुंद. त्यात किराणावाल्या मामांचा कॅमेरा दिवसभर दुकानाचं शूटिंग वर पाठवत होता, आणि गल्लीतला प्रत्येक फोन कट्ट्याजवळ आला की आपले फोटो वर चढवायला लागायचा. सोनलचा चेहरा बिचारा त्या रांगेत सगळ्यात शेवटी उभा.

"सोपं आहे," मी म्हणाले. "पासवर्ड बदलू. दहा मिनिटांचं काम."

"त्यो बदलायचा न्हाय," काका म्हणाले.

मला वाटलं त्यांना कळलं नाही. परत समजावलं. ते परत म्हणाले, बदलायचा न्हाय. पासवर्ड दाराच्या चौकटीवर खडूनं लिहिलेला होता. येताना मी तो वाचला होता आणि कुणाचा तरी फोन नंबर असेल म्हणून सोडून दिला होता.

मी चिडले. मी चिडते, हे निम्म्या कोल्हापुराला माहीत आहे. "काका, मुलीची नोकरी जाईल! आणि उद्या कुणी तुमच्या नेटवरून काही उद्योग केला तर पोलीस तुमच्या दारात येतील, त्या पिंट्याच्या नाही!"

"पिंट्याला मी त्याच्या बारशापास्नं वळखतो."

"बाबा, प्लीज," सोनल म्हणाली. तिचा आवाज रडका झाला होता.

काका खाली बसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, आमचं गाव मलकापूरच्या अलीकडं. आमच्या आज्याला हिरीवर जाऊ देत न्हवते. ओंजळ धरायची, वरनं कुणीतरी वतायचं. कुणाला दया आली तर. मी ह्या शहराला तीस वर्सं पाणी सोडलंय. सगळ्या गल्ल्यास्नी सोडलंय, कुणाची कुठली हाय ते न बघता. आता माझ्या दारात माणूस येतंय, काका नेट द्या म्हणतंय. त्याला मी न्हाय म्हणू? माझ्या हातनं व्हणार न्हाय ते."

मी पासवर्ड बदलायचं पान बंद केलं. आतल्या खोलीतून सोनलची आई काहीतरी पुटपुटल्या. सोनल आत गेली.

"मग सोनलचं काय करायचं?" मी हळू विचारलं.

"तेच तर तुमास्नी इचारतोय की," काका म्हणाले. "आमच्यात बगा, गल्लीच्या सुरवातीची घरं मोटारी लावायची आन् शेवटच्या घराला थेंब न्हाय. म्हणून आमी काय गल्ली बंद केली न्हाय. वॉल्व्ह बंद करायचा नसतोय, दाबायचा असतोय. तुमच्या डब्यात असा वॉल्व्ह न्हाय व्हय?"

होता. नेट कंपनीच्या डब्यात नव्हता, पण माझ्या दुकानात असलेल्या एका राउटरमध्ये होता. आणि वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

राउटर घेऊन आले. आता कंपनीचा डबा नुसता वायर जोडण्यापुरता ठेवायचा आणि सगळं डोकं माझ्या राउटरला द्यायचं. याला ब्रिज मोड म्हणतात. त्यासाठी कंपनीकडून लाइनचा युजर आयडी आणि पासवर्ड लागतो. फोन स्पीकरवर लावला.

"मॅडम, ते आम्ही देत नाही."

"का?"

"पॉलिसी आहे."

"ती पॉलिसी मला लेखी पाठवा. तुमची माणसं तीनदा येऊन लाइन ओके सांगून गेलीत, ते मी तुम्हाला लेखी पाठवते."

"एक मिनिट, सरांना विचारतो."

फोन त्यानं होल्डवर टाकलाच नाही. मागून सरांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "कोण मॅडम? त्या? अरे दे देऊन! न्हायतर इथं येऊन बसतील."

त्यावर सोनल पहिल्यांदा हसली. मला तर जाम बरं वाटलं. ही कीर्ती मी कष्टानं कमावली आहे.

मग कामाला लागले. नव्या राउटरवर दोन नेटवर्कं केली. एक सोनलसाठी, नवं नाव, नवा पासवर्ड. दुसरं गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांचं. त्यातल्या फोनला नेट मिळतं, पण घरातला लॅपटॉप दिसत नाही. आणि या पाहुण्यांच्या नेटवर्कला मी जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. फोन नाव आणि पासवर्ड बघतो, डबा कुठला ते बघत नाही. गल्लीतले सगळेच्या सगळे आपोआप तिकडं जाऊन बसले. कुणाला कळलंसुद्धा नाही. चौकटीवरचा खडूही पुसावा लागला नाही.

पाहुण्यांना घाणेरड्या आणि फसव्या साइट उघडणार नाहीत असं फिल्टर लावलं. तरी काकांना स्पष्ट सांगितलं, कनेक्शन तुमच्या नावावर आहे, जबाबदारी तुमचीच. ते म्हणाले, कळलं. पिंट्याला तेव्हाच हाक मारून दम भरला.

सोनलच्या लॅपटॉपला वायर टाकली. वायर काकांनीच भिंतीला मारली, क्लिपांमधलं अंतर अगदी मोजून. मग राउटरला नियम दिले. सोनलचा लॅपटॉप पहिला, बाकीचे त्याच्यामागं, आणि पाहुण्यांना मिळून अमुक इतकंच. कुणाला आधी सोडायचं हे राउटरला सांगणं, याला क्यूओएस म्हणतात. बहुतेक घरांत हे बटण कुणी आयुष्यात दाबत नाही.

"आता बघा," मी ऐटीत म्हणाले आणि पिंग लावलं.

चारशे.

परत लावलं. साडेचारशे. सोनल माझ्याकडं बघत होती. मी सगळं उघडून तपासलं, राउटर बंद करून चालू केला. चारशे दहा. दुपारचे तीन वाजत आले होते आणि माझी ऐट केव्हाच उतरली होती. नियम बरोबर होते, पण राउटर ते पाळत नव्हता.

काका खुर्ची ओढून शेजारी बसले. "ह्ये पन्नास काय हाय?"

"तुमच्या लाइनचा अपलोडचा वेग. राउटरला तो आकडा सांगावा लागतो."

"म्हंजे मेन वॉल्व्ह."

"हो."

"आन् तुमी त्यो फुल उघडलाय?"

"अहो, पन्नासचे पैसे भरताय, मग पन्नास..."

"चुकतंय," काका म्हणाले. "मेन फुल उघडला की दाब आपल्या हातात ऱ्हात न्हाय. पाणी कुठं जायचं ते पाणीच ठरवतंय. मग गल्लीचा वॉल्व्ह कितीबी फिरवा, त्यो ऐकत न्हाय. मेन कायम दोन फेरे कमी ठेवायचा. मग खालचे सगळे वॉल्व्ह तुमच्या शब्दात."

मी कपाळावर हात मारून घेतला. हे मला माहीत होतं! आमच्या पुस्तकात अगदी हेच लिहिलेलं असतं. पूर्ण आकडा दिला की रांग लागते कंपनीच्या यंत्रात, आणि तिथं आपले नियम चालत नाहीत. आकडा जरा कमी दिला की रांग आपल्या राउटरमध्ये लागते, आणि मग कोण पुढं, कोण मागं, ते आपण ठरवायचं. पण गिऱ्हाईक स्पीड टेस्ट लावतं आणि पूर्ण आकडा दिसला नाही की बोंब मारतं. त्यांच्या बोंबांना कंटाळून मी वर्षानुवर्षं मेन फुल उघडा ठेवत आले होते.

पन्नासाचे पंचेचाळीस केले. पिंग लावलं.

चोवीस. परत चोवीस. सव्वीस. गल्लीत दोन टीव्ही चालू होते, मामांचा कॅमेरा चालू होता, कट्ट्यावर चार पोरं फोनला चिकटून बसली होती, आणि पलीकडून ओ चोवीस मिलिसेकंदात येत होती.

"जमलं?" काकांनी विचारलं.

"जमलं."

"दोन फेरे," ते म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

सोमवारी अकराला डेमो होता. मी साडेदहालाच तिथं हजर. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. काकांना म्हणाले, "तासभर तरी गल्लीला सांगा की, नेट वापरू नका."

"सांगायचं असतं तर तुला कशाला बोलवलं असतं, पोरी?"

त्यांनी मला मॅडमवरून पोरीवर आणलं, ते मला तेव्हाच कळलं.

सोनलनं दार लावून घेतलं. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून माझ्या लॅपटॉपवर तिच्या लाइनचे आकडे बघत होते. बावीस, पंचवीस, एकदा एकतीस झाला तर मी स्क्रीनवर वाकलेच. काका आईंच्या उशाशी बसून त्यांच्या हाताला मालिश करत होते. दाराआडून सोनलचा आवाज येत होता. आधी घाबरा, मग मोकळा, मग तर ती पलीकडच्या कुणाला तरी हसवायला लागली.

बावन्न मिनिटांनी दार उघडलं.

"एकदाही नाही!" ती म्हणाली. "मॅडम, एकदाही नाही तुटला!" आणि सरळ आईच्या कुशीत जाऊन रडली. आई अर्ध्या तोंडानं हसल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं.

महिन्याभरानं तिला कायम केल्याचं पत्र आलं. सरांनी तिला विचारलं म्हणे, नवीन कनेक्शन घेतलंस का. ती म्हणाली, नाही, तेच आहे.

डेमोच्या दिवशी बाहेर पडताना किराणावाल्या मामांनी मला अडवलं. "मॅडम, कांबळ्यांचा नवा डबा तुमी बसवला व्हय? नाद खुळा! माझा कॅमेरा आता अजिबात अडकत न्हाय बगा." त्यांचा वॉल्व्ह आपण दाबून ठेवलाय हे मी त्यांना सांगितलं नाही. मोजून मिळालं तरी सारखं मिळालं की माणूस खूश असतो. मी कोपऱ्यापर्यंत हसत गेले.

काकांच्या फोनवर मी राउटरची यादी बघायची सोय करून दिली होती. ते रोज सकाळी चहाआधी ती उघडतात आणि मला एक मेसेज टाकतात. नुसता आकडा. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. दिवाळीत पाहुणे आले तेव्हा साठ झाला होता. त्या दिवशी आकड्यापुढं त्यांनी लिहिलं होतं, "सगळ्यास्नी पुरलं."

तेव्हापासून मी कुणाच्याच घरी पूर्ण आकडा ठेवत नाही. गिऱ्हाईक स्पीड टेस्ट लावतं आणि तक्रार करतं, "मॅडम, प्लॅन शंभरचा आहे. हे नव्वदच दाखवतंय."

"मुद्दाम दोन फेरे कमी ठेवलेत," मी सांगते.

"हे कुठं शिकलात?"

"पाणीपुरवठ्यात."