सरांना भंगारात काढू का?

"शॅल वी स्क्रॅप सर?"

माझा मेल मोठ्या पडद्यावर लावला होता. सकाळची मीटिंग, अख्खं डिपार्टमेंट समोर. खराब निघालेला माल भंगारात काढू का, एवढंच मी मॅनेजरांना विचारलं होतं. 'सर'च्या आधी स्वल्पविराम द्यायचा राहिला.

"म्हणजे सरांनाच भंगारात काढू का, विचारतेय ही!" श्रेया म्हणाली. सगळे खो खो हसले. मॅनेजर डोळे पुसत म्हणाले, "झेडपीच्या शाळेचं इंग्रजी! इथून पुढं तू फक्त सांगायचं. मेल श्रेया लिहील, तिच्या नावानं जाईल."

मी पण हसले. काय करणार?

चाकणच्या या कंपनीत श्रेया आणि मी बरोबरच लागलो. काम एकच, माल तपासायचं. मी लातूरकडची, पिंपळे गुरवला खोली करून राहणारी. ती आकुर्डीची, इंग्लिश मीडियमची. जळायचे मी तिच्यावर. खोटं कशाला बोलू? परदेशी कस्टमरशी ती खुर्चीत रेलून बोलायची, त्या रेलण्यावरसुद्धा जळायचे. मी आधी मनात वाक्य जुळवते, तोवर विषयच बदललेला असतो. आणि हे मेल कस्टमरलाही जातात. खाली ज्याचं नाव, कस्टमर ओळखणार त्यालाच. बढतीही त्यालाच.

मग सुरक्षा सप्ताह आला. शिफ्टच्या आधी सगळ्यांनी उभं राहून मराठीतून शपथ घ्यायची. पहिल्या दिवशी शपथ सांगायला पुढं श्रेया होती. 'कटिबद्ध'वर अडखळली, परत अडखळली. शेवटी खांदे उडवून हसली. "सॉरी, माय मराठी इज सो बॅड!"

घरी मराठीच बोलते ती.

"सो स्वीट! टाळ्या वाजवा रे," मॅनेजर म्हणाले. वाजल्या टाळ्या. माझे हात मधेच थांबले. तिच्या इंग्रजीचा हेवा होताच, आता तिच्या चुकीचाही वाटायला लागला. तिची चूक गोड. माझी चूक थेट माझ्या शाळेपर्यंत जाते. अंगाची नुसती आग झाली.

दुपारी परत माल खराब निघाला. श्रेया टेबलापाशी आली. "सांग ना पटकन, मी लिहिते."

"नाही सांगत. मी लिहिणार."

"अगं, परत तसंच काहीतरी लिहिशील."

"लिहीन."

मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. "काय चाललंय?"

मी उठले. "सर, ती शपथेत चुकली तर टाळ्या. मी स्वल्पविराम विसरले तर माझं नावच काढून टाकता. माल मी तपासलाय. मेल माझ्याच नावानं जाणार."

या वेळी कुणी हसलं नाही.

मेल लिहिला. स्वल्पविराम आठवणीनं दिला. बाकी कुठं चुकलं असेल तर असेल. खाली माझं पूर्ण नाव टाकलं आणि पाठवून दिला.

श्रेयावर मी अजून जळते. जळणारच. पण माझं काम तिच्या नावाखाली आता जायचं नाही. चुकले तर लावा पडद्यावर. तुम्ही हसा. मी हसणार नाही.