आगाशिव दिसेना

कराडच्या धावपट्टीवर मी विमान चालवायला शिकत होते, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही वडूजकडचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडील फौजेत गेले आणि सुभेदार होऊन परतले. घरात मोठ्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांच्यापुढं 'पण' म्हणायची मला सवय नव्हती आणि तो मी माझा गुण समजत होते.

आमचे सर लष्करातून निवृत्त झालेले वैमानिक, कराडजवळच्याच ऊसवाल्या घरातले. वर्गात ते बजावायचे, "काही खटकलं तर तिथल्या तिथं बोला. समोर मी असलो तरी." आम्ही माना डोलवायचो. हवेत मात्र ते नुसते खाकरले तरी मी दचकायचे.

सप्टेंबरातली दुपार होती. डावीकडं मी, उजवीकडं सर. सांगलीपर्यंत जाऊन परत यायचं होतं. सांगलीच्या विश्रामबागेवरून वळून कृष्णेचा काठ धरला, तेव्हा कोयनेच्या बाजूनं ढग खाली उतरताना दिसले. रेडिओवरून कळलं, की पट्टी अजून दिसतेय, पण ढग झपाट्यानं खाली येतोय.

"उंची कमी कर," सर म्हणाले. मी केली. "आजून जरा."

खाली उसाच्या सऱ्या मोजता येतील इतक्या जवळ आल्या.

"सर, ढग लय खाली आलाय."

"आगं, हितंच जन्म गेला माझा. पाच मिनिटांत पोचतोय आपण." त्यांनी घड्याळ पाहिलं. थोड्या वेळात तिसऱ्यांदा पाहत होते.

एव्हाना डाव्या अंगाला आगाशिवाचा डोंगर दिसायला हवा होता. तिथं नुसता पांढरा पडदा. मी उंचीच्या काट्याकडं पाहिलं. आम्ही डोंगरमाथ्याच्याही खाली होतो. बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. एवढे मोठे सर, त्यांना दिसत नसेल का, असं वाटत राहिलं. तेवढ्यात काचेवर थेंब आले आणि खालची नदीही पुसून गेली.

"सर, मला आगाशिव दिसत नाही. मी वळतेय."

"सरळ ठेव."

"नाही सर. मी वळतेय."

त्यांच्यापुढंही माझ्यासारखंच सुकाणू होतं. त्यांचा हात पुढं आला, क्षणभर तिथंच थांबला आणि परत मांडीवर गेला. मी डोंगर सोडून उजवीकडं, पूर्वेला वळले. बाहेर काहीच दिसत नव्हतं. नजर काट्यांवर ठेवून वर चढत राहिले. कानात इंजिनाचा आवाज, मानेवर घामाची धार. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग एकदम ऊन लागलं आणि खाली माळरान दिसलं. कोल्हापूरला कळवलं आणि तिथं उतरलो.

सर विमानातून उतरले, बाजूला जाऊन फोनवर बोलले. मला वाटलं, माझं शिकणं संपलं. दोन चहा घेऊन ते परत आले.

"आज नातीचं बारसं हुतं. पाच वाजता."

मी त्यांच्या हातातला एक कप घेतला.

"आगाशिव मला तुझ्या आधी दिसंना झाला हुता," ते म्हणाले.

"मग सर?"

"मग काय. बारसं दिसत हुतं."

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी फळ्यावर नदी काढली, डोंगर काढला आणि कुठं कुठं आपण चुकलो ते स्वतः सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. मागं बसलेली मुलं माझ्याकडं पाहत होती. मला मात्र मान वर करवत नव्हती.

संध्याकाळी वडिलांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "सरास्नी उलटं बोललीस?"

"व्हय."

मग ते म्हणाले, "फौजेत आमी न्हाई बोलायचो." पुढं त्यांनी जेवलीस का विचारलं.

आज मी मोठ्या विमानात दुसऱ्या वैमानिकाच्या जागेवर बसते. शेजारचे कॅप्टन वयानं मोठे असतात. बोलायची वेळ आली की अजूनही जड जातं, पण मी बोलते.