आबांनी खाल्लेला मार

आबा गेल्यावर भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "देवमाणूस होता." मी चहाचा कप त्यांच्यापुढं आदळायची. चाळीस वर्षं विमा विकणाऱ्या माझ्या आजोबांनी जेवढा मार खाल्ला, तेवढा सेलूच्या एखाद्या पैलवानानंही खाल्ला नसेल.

त्याला कारण त्यांची रीत. फॉर्म भरताना ते घरच्या बाईला उंबऱ्यापाशी बोलवायचे आणि मोठ्यानं सांगायचे, नवरा मेल्यावर पैसे हिला. वारस म्हणून नवऱ्याच्या भावाचं नाव लिहायचेच नाहीत. आता भरल्या घरात मरणाचं बोलणं कोण ऐकून घेईल? एका म्हातारीनं "मुडद्या, माझ्या लेकराच्या जिवावर उठला का?" म्हणत त्यांच्या पाठीत फुंकणी घातली होती. दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा तिच्याच दारात.

पण तीन वर्षांपूर्वीचा मार वेगळा होता. मी बाळंतपणाला माहेरी आले होते, बाळ वीस दिवसांचं. पाथरीकडच्या एका गावातला तरणा शेतकरी ट्रॅक्टरखाली सापडून गेला. त्याचा विमा आबांनीच उतरवलेला. दहावं होतं न होतं तोच त्याच्या दोघा भावांनी विधवेला कोंडून घातलं. अंगठा दे म्हणाले, पैसा आमच्या घरचा, तू उद्या दुसरा करून जाशील. ती पहाटे निसटून आमच्याकडे आली, ओठ फुटलेला, केस उपटलेले. आबांनी विम्याचा मूळ कागद तिच्या हाती दिला, सोबत माझ्या वडिलांना दिलं आणि परभणीच्या गाडीत बसवलं. विम्याच्या कचेरीत तिचा अर्ज पडायच्या आत भावांना सुगावा लागला असता तर तिचं काही खरं नव्हतं. मला यातलं कुणी काही सांगितलं नाही. मी आतल्या खोलीत बाळाला शेकत होते.

दहाच्या सुमाराला दोघं आले. थोरल्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा.

"ए म्हाताऱ्या, कागद कुठाय?"

"माझ्याकडं न्हाई."

दांडा खांद्यावर बसला. हाड मोडलेलं मला आत ऐकू आलं. धावत आले तर आबा अंगणात गुडघ्यांवर, आणि धाकटा त्यांना लाथा घालायलाय. मी मुसळ उचललं आणि त्याच्या कोपरावर हाणलं. ओल्या बाळंतिणीची ताकद ती किती! त्यानं मला केसांना धरून तुळशीच्या कट्ट्यावर आपटलं. डोकं फुटलं.

"द्या ना आबा! काय हाय ते देऊन टाका! मारून टाकतील हो तुमाला!" मी हंबरडा फोडला. आत बाळ किंचाळत होतं. शेजारचे भेकड दारं लावून बसले. आबांच्या कानातून रक्त गळत होतं, तरी ते मान हलवून नाहीच म्हणत होते. दांडा बरगडीवर बसला, मग पुन्हा खांद्यावर. शेवटी मी त्यांच्या अंगावर आडवी पडले, तेव्हा ते पुटपुटले, "पेटीत हाय. निळं पुडकं."

भावांनी पेटी फोडली आणि पुडकं छातीशी धरून पळाले. त्यात मेलेल्या भावाच्या हप्त्यांच्या जुन्या पावत्या होत्या. ज्याच्या हाती कागद त्याचा पैसा, एवढीच त्यांची अक्कल. ते पावत्या घेऊन गावाकडे गेले आणि इकडे परभणीत तिचा अर्ज दाखल झाला.

हे सगळं मला चौथ्या दिवशी दवाखान्यात कळलं. आबांना खांद्यापासून प्लास्टर, डावा कान कायमचा गेलेला. मी त्यांना सांजा भरवत होते.

"मग ते पुडकं आधीच का न्हाई दिलं?" मी विचारलं.

"लगेच दिलं असतं तर उघडून बघितलं असतं. तिच्यामागं धावले असते."

"मला तरी सांगायचं! माझा जीव जायची पाळी आली होती."

आबांनी तोंडातला घास गिळला.

"सांगितलं असतं तर तू तशी रडली नसतीस, माय. तुझं रडणं बघूनच त्यांना पटलं."

मला काटा रुतला तरी ज्यांना जेवण गोड लागत नव्हतं, त्या माणसानं हे सांगितलं. मी वाटी भिंतीवर भिरकावली. सांजा सगळीकडे उडाला. त्यांनी प्लास्टरमधली सुजलेली बोटं माझ्या डोक्यावरच्या टाक्यांकडे नेली. मी तो हात फाडकन झटकला. आबा कळवळले, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.