एका काउंटरवर दोन कंपन्या

नागपूरहून निघालेल्या पॅसेंजरने मला तुमसर रोड स्टेशनवर उतरवलं, तेव्हा उन्हं नुकतीच चढू लागली होती. स्टेशनबाहेर येऊन मी गाव शोधू लागले, तर गाव कुठेच नाही. सायकलरिक्षावाला हसला. म्हणाला, "इथं फक्त टेसन हाय बाई. तुमसर अजून दूर हाय. बसा."

दिवाळी होऊन गेलेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं) कापून मोकळ्या झाल्या होत्या आणि त्यांत जागोजागी धानाच्या भाऱ्यांचे पुंजणे (गंजी) उभे होते. गाव जवळ आलं तसा गिरण्यांचा आवाज येऊ लागला आणि उकडलेल्या धानाचा ऊबदार वास. पुण्यात वाढलेल्या मला तांदळाला असा वास असतो हे माहीतच नव्हतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धानातला ओलावा मोजणारं इलेक्ट्रॉनिक मीटर बनवणाऱ्या पुण्याच्या एका लहान कंपनीत मी कायद्याचं काम पाहत होते. तसंच मीटर मुंबईची एक मोठी कंपनीही बनवायची. शिवाय गिरणीत धान सोलायला लागणारे रबरी रोल तिच्याइतके चांगले दुसऱ्या कोणाचे नव्हते. त्या कंपनीने दुकानदारांना बजावलं होतं की दुसऱ्याचं मीटर ठेवाल तर रोल मिळणार नाहीत. आमचे मालक गोखले चिडले आणि त्यांनी मक्तेदारीविरुद्ध दिल्लीच्या आयोगाकडे दाद मागायचं ठरवलं. त्यासाठी साक्षीदार हवा होता. यादवराव पडोळे नावाच्या तुमसरच्या दुकानदाराचे रोल खरोखरच बंद झाले होते. त्यांना तयार करायला मी आले होते.

यादवराव पन्नाशीचे, सडपातळ, बोलायला सावकाश. दुकानात आमचं मीटर समोरच ठेवलेलं. रोलचं फडताळ रिकामं.

"दिल्लीले येऊन मी काय सांगू, वकीलबाई?" ते म्हणाले. "सीझन सुरू हाय. त्यायनं उद्या दुसरा माल बंद केला तं दुकान बसते माझं."

"पण असं किती दिवस चालवणार?"

"थेच पाहून राहिलो." त्यांनी स्कूटरची चावी उचलली. "चाला, मोहाडीले जाऊन येऊ. तिथल्या गिरणीवाल्याले रोल देता आले नाई, तोंड दाखवाचं हाय मले."

मोहाडीच्या वाटेवर स्कूटर पंक्चर झाली. ती ढकलत आम्ही बराच वेळ चाललो. वाटेत एका तलावात ढीवर (मासेमार) जाळं ओढत होते. यादवरावांनी त्यांच्याकडून मासे घेतले आणि पळसाच्या पानांत बांधून हँडलला अडकवले. "बाई घरी आल्या, तं रिकाम्या हातानं कसा जाऊ?" म्हणाले. पंक्चरचा राग त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता.

मोहाडीची गिरणी बंद होती. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, गाड्यांत धानाची पोती. रोल झिजून गेले होते आणि यादवरावांकडे नवे नव्हते. गिरणीवाल्याने एक झिजलेला रोल आणून यादवरावांपुढे धरला. गाडीजवळ बसलेली एक बाई उठून आली.

"काहून बंद हाय जी गिरणी? पोरीचं लग्न हाय माह्या. तांदूळ पाहिजे न मले."

यादवराव तिला सांगू लागले की रोल येत नाहीत.

"कोन देत नाई?"

"कंपनी."

"काहून?"

दुसऱ्याचं मीटर काउंटरवर ठेवलं म्हणून हिच्या मुलीच्या लग्नाचा तांदूळ अडला, हे तिला सांगायचं तरी कसं? शेवटी त्यांनी तिची पोती तुमसरच्या गिरणीत पाठवायची सोय केली. पंक्चर काढून घेऊन परतताना स्कूटरवर मागे न वळता ते मोठ्याने म्हणाले, "येतो मी दिल्लीले!"

संध्याकाळी त्यांच्या घरी शांताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्या माशांचं झणझणीत कालवण केलं, वर लाखोरीच्या डाळीचे कुरकुरीत वडे. "भात घ्या न वो ताई, पुण्याले असा भात कुठी भेटते?" म्हणत त्या वाढत राहिल्या. मी मनापासून जेवले. मग अर्ज वाचून दाखवला. पहिली मागणी, रोल अडवून धरायची अट काढावी. यादवरावांनी मान हलवली. दुसरी मागणी, त्या कंपनीला या जिल्ह्यात मीटर विकायला काही वर्षं मनाई करावी.

"हे कायले?" त्यांनी विचारलं.

"ती कंपनी मोठी आहे. ती तोटा सोसून मीटर स्वस्त विकेल आणि आम्हाला संपवेल."

"तं तोटा सोसून विकू नोका, असं लिहा. त्यायची मनाई काढाची अन् आपली लावाची, हे काई मले पटत नाई. त्यायचं मीटर पन चांगलं हाय. मले दोनी ठेवाचे हायेत."

"मालकांनी घातलंय ते कलम."

"तं मालकाले इचारा. हे राहीन तं मी येत नाई."

शांताबाई म्हणाल्या, "बरोबर बोलून राहिले थे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात जाऊन मी पुण्याला ट्रंककॉल लावला. गोखले ओरडलेच. "तू माझी वकील आहेस की त्या दुकानदाराची?"

"तुमचीच. म्हणून सांगते, साक्षीदार गेला तर आपल्याकडे काहीच उरत नाही. आणि खरं सांगू का साहेब, ते कलम आयोगापुढे वाचताना माझीच जीभ अडखळेल."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"खोड ते," गोखले म्हणाले.

काही महिन्यांनी दिल्लीत सुनावणी झाली. यादवराव इस्त्रीचं धोतर नेसून आले होते. त्या कंपनीला काय शिक्षा व्हावी असं वाटतं, असं आयोगाच्या सदस्याने त्यांना विचारलं. ते म्हणाले, "सजा नहीं साहब, माल चाहिए." समोरचे वकीलही हसले. संध्याकाळच्या आत कंपनीने अट मागे घेतल्याचं लिहून दिलं.

बाहेर व्हरांड्यात मी पाहते तर त्या कंपनीचा विक्री अधिकारी, ज्याने रोल बंद केले होते तोच, यादवरावांसाठी चहा घेऊन आला होता. "कितनी जोड़ी भेजूँ?" त्याने विचारलं. यादवरावांनी आकडा सांगितला, चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "इनका मीटर भी देख लीजिए साहब. अच्छा है."

मी पुण्याच्या गाडीत बसले तेव्हा अंगात थकवा होता, पण मन हलकं होतं. समोरच्याला बाजारातून हटवायचा कागद घेऊन मी तुमसरला निघाले होते. त्या कागदातलं सगळं मिळालं असतं, तर मी यापेक्षा जास्त खूश झाले असते असं मला वाटत नाही. गोखल्यांना व्हरांड्यातली हकीकत सांगितली तेव्हा ते खो खो हसले आणि म्हणाले, "मग त्या अधिकाऱ्याने आपलं मीटर घेतलं का?"