विहिरीवाले परेरा

आजही सुकेळीचा वास आला की सांडोरचं आमचं अंगण आठवतं. बाबा उन्हात वाळवायला केळी सोलत होते आणि मी रडवेली होऊन इतिहास घोकत होते. उद्या शाळा तपासायला साहेब येणार, आणि माझे सगळे पेशवे एकमेकांत मिसळलेले.

बाबा म्हणाले, "अगं, आपल्या आळीत सगळेच परेरा. होतो का घोटाळा? आपण विहिरीवाले, पलीकडचे चिंचवाले. तसाच एक पेशवा घोडेवाला, एक पानिपतवाला, शेवटचा बिठूरवाला."

साहेबांनी पेशवे विचारले तेव्हा मी तेच सांगितलं. ते हसू दाबत म्हणाले, "आडनाव काय तुझं?"

"परेरा."

"कोणते परेरा?"

"विहिरीवाले," मी ताठ मानेनं म्हटलं.

विहीर कधीच बुजली. आम्ही अजून विहिरीवालेच आहोत.